तहानेचा योग्य समानार्थी शब्द

मुलांनो, समानार्थी शब्द म्हणजे एक काढायचा नि दुसरा बसवायचा, असं ज्यानं कुणी तुम्हाला शिकवलं, त्यानं तुम्हाला फसवलंय. नाव घेत नाही. तो आता मोठ्या हुद्द्यावर आहे.

तर एका जंगलात तळं आटलं. हरणांची पाडसं जीभ बाहेर टाकून पडली. पाणी होतं ते शेजारच्या वाळवंटात, उंटांच्या विहिरीत. उंट मनाचे मोठे. पण मागितलं त्याहून जास्त देणं म्हणजे मागणाऱ्याचा अपमान, असा त्यांचा रिवाज. आणि मागायचं ते अरबीत.

जंगलात अरबी येणारी एकच. तांड्यातून मागे राहिलेली लंगडी उंटीण, जुबैदाआजी. तिनं एका बैठकीत पत्र लिहिलं. अरबीत तहानेच्या पायऱ्या आहेत. पहिली 'अतश', म्हणजे साधी तहान. अगदी शेवटची 'जुवाद', म्हणजे जीव घेणारी. आजीनं एकदा पाडसांकडे पाहिलं आणि 'जुवाद' लिहिलं.

पण पत्र भाषा विभागामार्फतच जायचं, असा नियम होता. तिथल्या उदमांजरसाहेबांनी नवंकोरं यंत्र आणलं होतं. ते म्हणे संदर्भ पाहून योग्य समानार्थी शब्द सुचवी.

"आजी, तुमचा शब्द फार दुर्मीळ आहे हो," साहेब म्हणाले. "यंत्र म्हणतंय, 'अतश' घाला. सोपा, सुटसुटीत."

"अहो साहेब, अतश जेवताना लागते!"

"यंत्रानं संदर्भ पाहिलाय."

"कुठला?"

"पत्राचा."

"आणि तळ्याचा?"

"तळं पत्राला जोडलेलं नव्हतं."

"मग निदान अरबी कळणाऱ्याकडून तपासून तरी घ्या."

"अशा तुम्ही एकट्याच. आणि पत्र तुमचंच. तुम्ही कशा तपासणार? म्हणून आम्ही यंत्रालाच विचारलं, शब्द बरोबर आहे का. ते म्हणालं, उत्तम."

आजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण शिक्का बसला होता. माळढोक टपालवाला पत्र घेऊन उडालासुद्धा.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. सोबत खजुराच्या सरबताची एक सुरई. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'जेवणानंतर प्यावं.'

विभागात टाळ्यांचा कडकडाट झाला. पत्र पोचलं, कळलं, उत्तरही आलं! यंत्राचा सत्कार झाला. सरबत प्रमुख पाहुण्यांना पुरलं.

आजी हारतुऱ्यांना थांबली नाही. लंगडत लंगडत विहिरीवर गेली, उंटांसमोर उभी राहिली आणि आपला खोडलेला शब्द मोठ्यानं म्हणाली. बस्स, एवढंच. उजाडताना चाळीस उंट भरल्या पखाली घेऊन तळ्याकाठी हजर. पाडसं पाणी प्यायली आणि धडपडत उभी राहिली.

अहवालात नोंद झाली : 'यंत्राच्या पत्राचा परिणाम थोडा उशिरा दिसून आला.' खाली तात्पर्यही छापलं.

तात्पर्य : ज्याला भाषा येते, त्याला भाषेबद्दल विचारू नये. कामाचा खोळंबा होतो.

ते वाचून माळढोक म्हणाला, "मलाही कुणी विचारलं नाही. विहिरीवर मी चोच वर न काढता तीन लोटे प्यायलो. उंट म्हणाले, 'पत्रात तर साधीच तहान आहे, मग तुला काय झालंय?' पण टपालवाल्यानं पत्राबाहेरचं बोलायचं नसतं."