उपाशी लिव्हर

"शरीरानं माणसाला घाबरायचं असतं, माणसानं शरीराला नाही," असं श्यामसुंदर सबनीसांनी मुलुंडच्या आपल्या गॅलरीतून साऱ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. मग आत येऊन बायकोला हळूच विचारलं, "नीला, लिव्हर कडक झालं असलं तर परत मऊ होतं का गं?"

सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी दिसली होती. त्या चरबीनं लिव्हर कडक केलंय का, हे बघायला डॉक्टरांनी फायब्रोस्कॅन सांगितला होता. आधी तीन तास पोटात काही नको. सबनीसांची भीती नेहमी रागाच्या वेशात बाहेर पडते, त्यामुळे त्या सकाळी ते लिफ्टवर आणि गॅलरीतल्या कबुतरांवर सारख्याच पट्टीत ओरडले.

निघताना नीलाताईंनी सवयीनं त्यांच्या तळहातावर दही-साखर ठेवली. सबनीसांनी सवयीनं ती चाटली.

स्कॅन सेंटरच्या काउंटरवरच्या रुचिरानं काही खाल्लंय का, असं विचारल्यावर ते "काही नाही" म्हणून गरजले. पण नीलाताईंना खोटं जमत नाही. त्यांनी दह्याचं सांगून टाकलं आणि तपासणी उद्यावर गेली.

रिक्षात सबनीसांनी दही, साखर आणि सासरची माणसं यांचा एकत्र समाचार घेतला. "दही-साखर परीक्षेला जाताना देतात. मी काय परीक्षेला चाललो होतो?"

"मग कशाला चालला होतात?" नीलाताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी घरातून निघताना सबनीसांनी दोन्ही हात खिशात ठेवले. सेंटरमध्ये उदबत्तीचा वास होता. नव्या मशीनची पूजा झाली होती, मशीनला झेंडूचा हार होता. रुचिरानं पेढ्यांचा डबा पुढे केला. प्रसादाला नाही म्हणू नये, हे लहानपणी अंगात मुरलेलं. पेढा गिळून झाला, तेव्हा तिनं विचारलं, "उपाशीच आलात ना, काका?"

त्यानंतर सबनीस जे बोलले, ते ऐकून एका डायबेटिसच्या पेशंटनं आपला पेढा गुपचूप डब्यात परत ठेवला. सेंटरचा बंदोबस्त करण्याची, मशीन भंगारात घालण्याची भाषा झाली. शेवटी सेंटरच्या डॉक्टर मधुवंतीबाईंनी त्यांना तिथेच तीन तास बसवून ठेवलं. तेवढ्या वेळात आलेल्या प्रत्येकाला ते दारातच दरडावत होते, "त्या पोरीच्या हातचं काही खाऊ नका."

अखेर आत नेलं. उजवा हात डोक्याखाली, बरगड्यांच्या फटीत मशीनच्या टिचक्या. दोन दिवस गरजणारा माणूस श्वास रोखून पडला होता. पडद्यापलीकडे नीलाताई त्यांच्या चपला हातात घट्ट धरून उभ्या होत्या.

"चरबी आहे," मधुवंतीबाई म्हणाल्या, "पण लिव्हर कडक झालेलं नाही. वेळेत आलात. वजन उतरवा, गोड आणि तळलेलं बंद."

एवढा जमवलेला राग आता कुठे ठेवायचा, ते सबनीसांना कळेना. नीलाताई रिक्षा बघायला खाली गेल्या, तसे ते काउंटरवर वाकले.

"बाळ," ते रुचिराला म्हणाले, "मघाचा पेढा नीट लागलाच नाही. अर्धा मिळेल?"