मोहल्ल्यातली पट्टीची वाचक

ताश्कंदहून वाचनसंस्कृतीचा अभ्यास करायला विदुषी येणार, हे कळताच ग्रंथपाल ओयदिननं आधी सभासदांची नोंद तपासली. वाचनालयाच्या वहीत वाचक होते नऊशे. प्रत्यक्षात वाचणारी ती एकटीच. अहवाल वाईट गेला तर ही जागा लग्नाचे पोशाख भाड्यानं देणाऱ्याला मिळणार, हे ठरल्यातच जमा होतं.

तिनं मोहल्ल्याचे वडीलधारे प्रमुख तुर्सुनबोय-ओता यांना गाठलं. "ओता, अब्रू वाचवा! उद्या एखादं चांगलं वाचणारं माणूस पाठवा."

"एवढंच ना पोरी? आपल्या होसियत मावशीला, होसियत-खोलाला धाडतो. तिच्यासारखं वाचणारं जिल्ह्यात नाही!"

ओयदिनचा जीव भांड्यात पडला. आमच्याकडे पुस्तक वाचणं आणि दृष्ट लागलेल्यावर दुवा पुटपुटून फुंकर मारणं, दोन्हींना शब्द एकच. घाबरलेल्या ओयदिनला तेवढ्यापुरता त्याचा विसर पडला.

सकाळी होसियत-खोला धुपाटणं घेऊन हजर. मागे ही रांग! किरकिरी तान्ही, मान आखडलेला न्हावी, स्थळ न येणारी मुलगी आणि तिची आई.

"हे सगळे वाचनासाठी?" विदुषी नाझोकत-खानम यांनी फॉर्मातून मान वर न काढता विचारलं.

"मग काय लग्नाला आलेत?" खोला फणकारली.

"दिवसाला किती वाचता?"

"चाळीसेक. बुधवारी जास्त."

"एकदा वाचून पुरतं?"

"पोरांना पुरतं. नवऱ्यांवर तीनदा वाचावं लागतं."

"परिणाम?"

"कालच एक पोर गाढ झोपलं."

"वाचता वाचता झोप लागते," बाईंनी टिपून घेतलं.

"खानम, हे ते वाचन..." ओयदिननं तोंड उघडलं, तिला पोशाखवाला आठवला, आणि ती चहा ओतायला गेली. परदेशी शिकून केलेल्या त्या फॉर्मात वय होतं, वेळ होती, वाचून कसं वाटतं तेही होतं. पुस्तकाचं नाव विचारणारा रकाना तेवढा राहून गेला होता. जाता जाता खोलानं बाईंच्या दुखऱ्या मानेवरही वाचलं.

"कमाल आहे! हलकं वाटतंय," बाई म्हणाल्या.

महिन्यानं अहवाल आला. 'वाचकांची अभूतपूर्व गर्दी पाहता हे वाचनालय कायम ठेवावं. मात्र जागा अपुरी पडते. सबब पुस्तकांची कपाटं तातडीनं हलवावीत.'

ओयदिननं ते दोनदा वाचलं आणि गुपचूप जाऊन होसियत-खोलाच्या रांगेत उभी राहिली.