उसना खोकला

निवृत्ती खोकला की तो राखायचा त्या भुशी धरणाकडच्या बंगल्याच्या फाटकावरची माकडंसुद्धा उठून जायची. त्यामुळे खोकला ऐकून टीबी ओळखणारा मोबाइल घेऊन सरकारी दवाखान्याची आशा सेविका शुभदा दारात आली, तेव्हा त्याने हातातली विडी पाठीमागे लपवली. टीबी निघाला तर रखवालदारी जाणार आणि बंगल्यामागची राहायची खोलीही.

"भाऊ, यात तीनदा खोका. बाकीचं मशीन ओळखतं."

"तुमच्याम्होरं लाज वाटती. आत जाऊन खोकतो," म्हणत निवृत्तीने मोबाइल आत नेला आणि बायकोसमोर धरला. "तू ठणठणीत हायेस. माज्या वतीनं खोक."

आक्काबाई खोकली. तीनदाच खोकायचं होतं, पण ती थांबेचना. "पुरं की, लय खरं वाटतंय," निवृत्ती कुजबुजला. नवऱ्याची नोकरी वाचवायला बिचारी किती जीव ओततेय, याचं त्याला कौतुकच वाटलं.

मोबाइलवर लाल खूण उमटली. मग निवृत्तीला बेडका तपासायला द्यावा लागला, आणि या वेळी शुभदा समोरून हलली नाही. आठवड्याने अहवाल आला. टीबी नव्हता, एक्स-रेही साफ होता. सगळा विड्यांचा प्रताप.

"म्हंजे मशीन चुकलं," निवृत्ती खुशीत म्हणाला.

"चुकलंच. तसं वर कळवते. हा खोकला टीबीचा नाही, हे मशीन शिकेल. पुढे कुणी असं खोकलं तर निरोगी म्हणेल."

"असं म्हंजे, मोबाइलात हाय तसं?"

"अगदी तसंच."

निवृत्तीने वळून दाराआड पाहिलं. चुलीच्या धुराने खोकला येतो, असं आक्काबाई सांगत आली होती. घरात गॅस येऊन वर्ष झालं होतं. हे आपल्याला आजवर सुचलं नाही, याची त्याला शरम वाटली.

"ताई, मशीन बरोबर हाय. मी न्हाई खोकलो."

"मग कोण?"

"घरातली."

"नाव सांगा भाऊ. नावाशिवाय नोंद होत नाही."

लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. सगळा संसार 'अगं' आणि 'ऐकलंस का' यावर झाला होता. चारचौघांत बायकोचं नाव त्याने कधी घेतलं नव्हतं.

"आक्काबाई," तो पुटपुटला. शुभदाला ऐकू गेलं नाही, म्हणून त्याला पुन्हा मोठ्याने म्हणावं लागलं.

दाराआड भांडी घासणारी आक्काबाई आधी लाजली. मग नाव कशासाठी घेतलं ते तिला कळलं, आणि ती रडायला लागली.