गोदावरी अरबी समुद्राला मिळते

गौतमीने बी.ए.ला भूगोल घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिचे वडील भारतराव बोरस्ते भरल्या ताटावरून उठले. (म्हणजे उठले, आणि गरम भात आला तसे पुन्हा बसले.)

"बारावी सायन्सला एक्याऐंशी टक्के, आणि पुढे भूगोल?" ते म्हणाले. "नकाशे रंगवायला कॉलेज कशाला लागतं? कॉम्प्युटर घे. मी सांगतो त्या कॉलेजात जा. घरापासून दहा मिनिटं, आणि पार्किंग काय प्रशस्त आहे!"

"पप्पा, मला गाडी लावायला जायचं नाहीये, शिकायला जायचंय. आणि गंगापूर रोडच्या त्या कॉलेजात भूगोल फार छान शिकवतात."

भारतराव सातपूरच्या एका कारखान्यात वीस वर्षं स्टोअर सांभाळत होते. नट असो की बोल्ट, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माल आत घ्यायचा नाही, हा त्यांचा बाणा. तोच त्यांनी कॉलेजलाही लावायचं ठरवलं.

"येत्या रविवारी मी स्वतः जाऊन बघतो," त्यांनी जाहीर केलं. "बाकं, वर्ग, शिकवणं, सगळं. मग काय तो निर्णय."

मनीषावहिनींनी लेकीकडे पाहिलं, लेकीने आईकडे पाहिलं, आणि दोघी एकदमच म्हणाल्या, "जा की!"

रविवारी कॉलेजला सुट्टी असते, हे भारतरावांच्या लक्षात आलं ते थेट गेटवर. पण पहिल्या मजल्यावर एक वर्ग भरलेला दिसला. ते हळूच शिरले आणि शेवटच्या बाकावर अंग चोरून बसले. पाहतात तो कोणाला टक्कल, कोणाच्या डोक्यावर पदर! तो दूरशिक्षणाचा वर्ग होता. नोकरीधंदा, शेतीवाडी सांभाळून पदवी घेणाऱ्यांचा. भारतरावांना मात्र वाटलं, ही पालकसभाच.

शेजारी मखमलाबादच्या नवसाबाई बसल्या होत्या. वय साठीचं, पायाशी मेथीची रिकामी पाटी.

"तुम्हीपण मुलीसाठीच आलात का?" भारतरावांनी विचारलं.

"मुलगी झाली पास मागच्या साली," नवसाबाई म्हणाल्या. "आता माझा नंबर हाय."

याचा अर्थ लागेपर्यंत सुवर्णा मॅडम हजेरीपट घेऊन आत आल्याच. त्यांनी भराभर नावं घेतली.

"भारत!"

"हजर!"

तीस वर्षांनी म्हणाले, पण शाळेतल्याच सुरात. हात वर गेला आणि मग भारतरावांना कळलं, की तो आपलाच आहे.

"उगवलात का?" मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "चार रविवार होतात कुठे?"

"मॅडम, मी तो नाही... म्हणजे मी भारतच, पण..."

"कारणं नकोत. आज चाचणी आहे. कागद घ्या."

सगळा वर्ग मागे वळून बघत होता. अशा वेळी उभं राहून 'मी तुमचं कॉलेज तपासायला आलोय' असं सांगायला छाती लागते. (ती भारतरावांची फक्त जेवणाच्या टेबलाशी निघते.) शिवाय विषय भूगोल. नकाशे तर रंगवायचे, त्यात काय!

फळ्यावर प्रश्न आला : नाशिक जिल्ह्याचा नकाशा काढून त्यात गोदावरी आणि प्रमुख गावे दाखवा.

भारतरावांना हसूच आलं. जन्म इथे गेला! त्यांनी झोकात बाह्यरेषा काढली. ती थोडी उष्ट्या भाकरीसारखी आली, पण असो. सिन्नर कुठल्या अंगाला, ते मात्र आठवेना. सिन्नरला ते शंभरदा गेले होते, पण बस सुटली की त्यांना झोप लागायची. मनमाडला रेल्वे आहे हे पक्कं माहीत होतं, म्हणून आधी रूळ काढले आणि उरलेल्या जागेत मनमाड बसवलं. पिंपळगाव बसवंतसाठी नाइलाजाने त्यांनी शेजारच्या कागदाकडे मान लांबवली, तशी नवसाबाईंनी कागदावर पदरच टाकला.

"दादा, आपापलं लिहा. पहाटं उठून पाठ केलंय मी. लय कष्टाचं हाय ते."

मॅडम कागद तपासत तपासत शेवटच्या बाकाशी आल्या आणि थबकल्या.

"भारत, गोदावरी निघते कुठून?"

"त्र्यंबकेश्वरहून."

"शाबास. आणि जाते कुठे?"

"समुद्रात."

"कोणत्या?"

भारतरावांनी आपल्याच नकाशाकडे पाहिलं. "मुंबईच्या."

वर्गात असा हशा पिकला की नवसाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"अहो, जन्मभर जिच्या काठी राहिलात, त्या नदीला तुम्ही कसाऱ्याचा घाट उतरवलात!" मॅडम म्हणाल्या. "वीसपैकी दोन. एक त्र्यंबकचा आणि एक आज आल्याबद्दल. पुढच्या रविवारी दुरुस्त नकाशा आणा."

संध्याकाळी भारतरावांनी तो कागद गुपचूप गौतमीसमोर ठेवला. "हे जरा बघ. कारखान्यातल्या एका मित्राचं आहे."

"मित्राचं अक्षर अगदी तुमच्यासारखं आहे," गौतमी म्हणाली, आणि तिने पेन्सिल उचलली.

"हे बघा पप्पा, हा सह्याद्री. इकडे उंच, म्हणून पाणी उतरतं पूर्वेला. इथे दारणा येऊन मिळते. नांदूरमध्यमेश्वरला कादवा मिळते. तिथे पाणी साठतं, गाळ साचतो, म्हणून तर हिवाळ्यात एवढे पक्षी उतरतात..."

ती बोलत राहिली. भारतराव नकाशा सोडून तिच्या तोंडाकडेच बघत होते. दोन वर्षं फिजिक्सचं विचारलं की 'बरं चाललंय' यापलीकडे शब्द मिळाला नव्हता. आज अर्धा तास झाला तरी पोरगी थांबायला तयार नव्हती. त्यांनी उगाचच नाक शिंकरलं. (आणि ते सर्दीवर ढकललं.)

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवून ते गंभीरपणे म्हणाले, "मी निर्णय घेतलाय. भूगोल! आणि कॉलेजही तेच, गंगापूर रोडचं. आण तो फॉर्म, मी स्वतः भरतो."

गौतमीने आईकडे पाहिलं.

"पप्पा," गौतमी चाचरत म्हणाली, "फॉर्म मी शुक्रवारीच भरला. परवा शनिवारी शेवटची तारीख होती."

"आणि पालकांची सही?"

"आईने केली."

"मग काल मला कॉलेज बघायला कशाला पाठवलंत?" भारतराव कडाडले.

मनीषावहिनी ओट्याशेजारी खाली बसून पाट्यावर खोबरं वाटत होत्या. त्यांनी वरवंटा थांबवला नाही.

"त्याआधीच्या रविवारी तुम्ही घरी होतात, तेव्हा मिक्सर दुरुस्त केलात," त्या म्हणाल्या. "म्हटलं, फ्रिज तरी वाचवावा."