वैनगंगा बोअर्सचा बारावा खेळाडू

कोणत्याही खेळाचा विकास करायचा असेल, तर सर्वात आधी तो खेळणाऱ्यांना मैदानाबाहेर काढावं लागतं. रस्ता सुधारताना रस्ता बंद ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. आमच्या हळदगाव चकातल्या लोकांना ही साधी गोष्ट बावीस वर्षं समजली नव्हती.

आमचं गाव वैनगंगेच्या काठी, मार्कंड्याच्या देवळाच्या अलीकडे. या बावीस वर्षांत गुणवंतराव सर इथे दर जानेवारीत, धान निघालं की, फुटबॉलची स्पर्धा भरवत. सर शाळेत पीटीचे मास्तर होते. निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी काढली नाही. स्पर्धेत सोळा गावांचे सोळा संघ उतरत. पहिलं बक्षीस बोकड, दुसरं कोंबडा, आणि तिसऱ्या क्रमांकाला या दोन्हींच्या जेवणाचं आमंत्रण. पंच असा लागे की सोळापैकी एकाही गावात त्याची सोयरीक नसावी. अशा माणसाचा शोध दिवाळीपासून सुरू होई (एकदा तेलंगणातून आणावा लागला होता). माइकवर मी असे. एकूण फार अव्यावसायिक प्रकार होता.

गेल्या वर्षी लीग आली आणि आम्ही सुधारलो.

लीगचं पूर्ण नाव 'विदर्भ वन प्रीमियर फुटबॉल लीग'. सहा संघ, सहा मालक, सहा गाणी. आमचा संघ सुनिलभाऊंनी घेतला. सुनिलभाऊ म्हणजे चंद्रपूरचे बोअरवेलवाले. गडचिरोलीपर्यंत जमिनीला जेवढी भोकं आहेत, त्यातली निम्मी त्यांची. लीगतर्फे पुण्याहून नीलिमा मॅडम आल्या होत्या. जंगली ताकद दाखवणारं नाव हवं, असं त्यांचं म्हणणं होतं.

"सर, मी 'वैनगंगा बोअर्स' सुचवते," मॅडम म्हणाल्या.

"बोअर?" सुनिलभाऊ खुर्चीतून उठले. "मॅडम, तुम्ही तं मनातलं बोलल्या! पक्कं करा. आपला धंदाच तो आहे."

पंधरा दिवसांनी पुण्याहून खोकं आलं. त्यातून माणसाच्या मापाचा रानडुकराचा पोशाख (इंग्रजीत तोही बोअरच) निघाला, तेव्हा सुनिलभाऊंनी खोकं उलटं करून झटकलं. मग म्हणाले, "मशीन कुठी आहे?" तोवर टी-शर्ट छापून झाले होते.

गावाचं मैदान लीगने विकासासाठी ताब्यात घेतलं, भोवती तारेचं कुंपण घातलं आणि 'आत येऊ नये, फुटबॉलचा विकास चालू आहे' अशी पाटी लावली. परिणाम आकड्यांत सांगतो. लीगपूर्वी पंचक्रोशीत दोनशे चाळीस माणसं फुटबॉल खेळत. लीगनंतर एकही खेळत नाही, पण दोनशे चाळीस माणसं फुटबॉल पाहतात. म्हणजे खेळाशी जोडलेल्यांची संख्या तेवढीच राहिली आणि दुखापती शंभर टक्क्यांनी घटल्या. असं यश जगात फार थोड्या देशांना मिळालं असेल.

गुणवंतराव सरांचाही यथोचित सन्मान झाला. त्यांना 'लेजंड' हे पद आणि एक खुर्ची देण्यात आली. खुर्ची मैदानात होती आणि मैदानाला पास लागे. पास देणारी खिडकी चंद्रपूरला होती.

"माह्याच मैदानात मले पास काऊन लागते?" सरांनी फाटकावर विचारलं.

"लेजंड लोकांना पास लागतोच, सर," मी समजावलं. (मी तेव्हा लीगचा अधिकृत मराठी निवेदक झालो होतो. समजावणं माझ्या कामात होतं.)

आता विनोदबद्दल सांगायला हवं. विनोद कुमोटी नदीपलीकडच्या जंगलातल्या टोल्यावरचा, म्हणजे छोट्या पाड्यावरचा. आई बुधरी मोहफुलं वेचते, तेंदूपानं तोडते. हाही तेच करतो, आणि उरलेल्या वेळात फुटबॉल. चोवीस वर्षांचा, किडकिडीत. त्याचा डावा पाय मी आठ वर्षं माइकवरून पाहिला आहे. इतर लोक चेंडू मारतात. विनोद त्याला कुठे जायचं ते सांगतो. हे वाक्य मी दरवर्षी माइकवर म्हणायचो आणि लोक दरवर्षी टाळ्या वाजवायचे.

लीगच्या निवड चाचणीला विनोद सायकलवर, नदीत डोंग्यातून आणि पुन्हा सायकलवर असा आला. चाचणीत बूट सक्तीचे होते. त्याला नऊ नंबरचे दिले, कारण तेच शिल्लक होते. बूट घालून तो डांबरी रस्त्यावर पहिल्यांदा आलेल्या गोऱ्ह्यासारखा चालू लागला.

"काय झालं?" प्रशिक्षकांनी विचारलं.

"सर, बुटात पायच दिसत नाई. बॉल कसा दिसन?"

अहवालात शेरा पडला: 'गुणवत्ता आढळली नाही. बूट सुस्थितीत परत मिळाले.'

पण लीग माणुसकीची होती. तिच्या नियमावलीत ग्रामीण विकासाचं एक कलम होतं: प्रत्येक संघाच्या यादीत किमान एक स्थानिक खेळाडू असावा आणि तो पूर्ण सामनाभर मैदान परिसरात असावा. बोअर्सचे अकरा खेळाडू पाच राज्यांतून आणि एका परदेशातून आले होते. ते बसमधून थेट हॉटेलात आणि हॉटेलातून थेट मैदानात येत, त्यामुळे आपण महाराष्ट्रात आहोत हे काहींना सांगावं लागे. डुकराच्या पोशाखात मात्र माणूस हवाच होता. नीलिमा मॅडमनी दोन्ही प्रश्न एकदम सोडवले. यादीत लिहिलं गेलं: '१२. विनोद कुमोटी (स्थानिक)'. डुकराच्या पाठीवरही बारा नंबर शिवला.

"खेळायले भेटन का?" विनोदने विचारलं.

"तू संघाचा आत्मा आहेस," मॅडम म्हणाल्या.

विनोदने माझ्याकडे पाहिलं. मी कागद चाळू लागलो.

साखळी सामने चंद्रपुरात झाले आणि डुक्कर अत्यंत लोकप्रिय ठरलं. लोकांनी त्याच्याबरोबर फोटो काढले, त्याच्या मुस्कटाला हात लावला, लहान मुलांना त्याच्या पाठीवर बसवलं. पोशाखाच्या आत विनोद मोजून सहा वेळा चक्कर येऊन पडला. प्रत्येक वेळी तो नाचाचा भाग समजून टाळ्या पडल्या. बोअर्सही जिंकत गेले आणि अंतिम फेरीत त्यांची गाठ माजरी ब्लॅक डायमंड्सशी पडली. हा सामना 'मातीशी नातं' म्हणून हळदगाव चकाच्या विकसित मैदानावर घ्यायचं ठरलं.

इथे लीगकडून एक बारीकशी गोष्ट राहून गेली. सामना कार्तिकात होता. कार्तिकात आमच्याकडे धान लोंबीवर असतं. लोंबीवरच्या धानात रोज रानडुकरं शिरतात. चंद्रपुरातला माणूस डुकराला पाहतो तेव्हा त्याला मजा वाटते. हळदगावातल्या माणसाला डुकराबद्दल काय वाटतं, याचं सर्वेक्षण झालेलं नव्हतं.

सामन्याच्या दिवशी दुपारी तीनपासून गर्दी. फाटकावर पाण्याच्या बाटल्या, तंबाखूच्या पुड्या आणि विळे काढून घेण्यात आले. काठ्या मात्र राहू दिल्या, कारण त्या वृद्धांच्या होत्या (एकूण त्रेसष्ट काठ्या, वृद्ध एकोणतीस). पहिल्या रांगेत रंभाबाई बसल्या होत्या. वय सत्तरच्या पुढे, नवरा नाही, दीड एकर धान. त्यातलं अर्धं आदल्याच आठवड्यात डुकरांनी लोळवलं होतं. फुटबॉल पाहायला त्या आल्या नव्हत्या. सावलीला खुर्च्या मांडल्या आहेत असं त्यांनी ऐकलं होतं.

पूर्वार्धात ऊन होतं, म्हणून डुकराला तंबूतच ठेवलं होतं. एकाहत्तराव्या मिनिटाला नियमाप्रमाणे 'ऊर्जा विश्रांती' झाली. धुराचं यंत्र सुरू झालं. मी माइकवर, हातात दिलेल्या कागदाप्रमाणे, ओरडलो, "आणि येत आहे, तुमचं सगळ्यांचं लाडकं..."

धुरातून डुक्कर बाहेर आलं. रंभाबाईंच्या समोरच आलं आणि कंबर हलवू लागलं.

रंभाबाई उठल्या. "आता दिवसाढवळ्या येऊन नाचून राह्यलं!" त्या म्हणाल्या, आणि पहिली काठी डुकराच्या पाठीवर, बरोब्बर बारा नंबरावर पडली.

पुढचं कुणी ठरवून केलं नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती. "हुड्या! हुड्या! हाणा!" करत त्रेसष्ट काठ्या उठल्या. विनोदला त्या पोशाखातून फक्त नाकपुड्यांच्या भोकांतून दिसायचं. त्याला कुठेतरी पळायचं होतं आणि मोकळी जागा एकच होती. तो मैदानात शिरला. पायातले गादीचे खूर मागे गळून पडले. पंचांनी तेवढ्यात खेळ पुन्हा सुरू केला होता, कारण दूरचित्रवाणीची वेळ ठरलेली होती.

"रंभाबाई, थांबा!" मी माइकवर ओरडलो. "तो विनोद हाय! डुकर नाई!"

"विनोद हाय तं माह्या धानात कोन गेल्ता?" रंभाबाई पळता पळता ओरडल्या.

आणि नेमका तेव्हा चेंडू विनोदच्या पायाशी आला. माजरीच्या खेळाडूने तो घाईत कुठेतरी मारला होता. अनवाणी पायाला चेंडू लागला आणि मी शपथेवर सांगतो, डुकराची चाल बदलली. मागून येणाऱ्या काठ्या तो विसरला. माजरीचा एक बचावपटू डुकराला पाहून बाजूला झाला, दुसरा म्हाताऱ्यांना पाहून. तिसरा मात्र खमका होता, अंगावर आला. डुकराने चेंडू त्याच्या दोन पायांमधून काढला आणि स्वतः त्याला वळसा घातला. गोलरक्षकही बाजूला झाला नाही. चांगला उंच, अनुभवी माणूस. पूर्ण झेपावला. चेंडू त्याच्या बोटांपलीकडून डाव्या कोपऱ्यात गेला. त्याने नंतर मला सांगितलं, "एवढा चांगला फटका मी या लीगमध्ये एकही पाहिला नाही, आणि मारणाऱ्याला शेपूट होतं."

माझ्या हातात कागद होता. गोल झाल्यावर कुठल्या टायरचं नाव घ्यायचं ते त्यात लिहिलं होतं. मी नुसताच "विनोद! विनोद! विनोद!" असं ओरडत राहिलो. त्यावरून पुढे मला नोटीस आली.

माजरीने तीन हरकती घेतल्या. पंचांनी नियमावली मागवून, एकेक बोट ठेवत निकाल दिला:

हा खेळाडू नाही. (यादीत नाव आहे. पाठीवर नंबर आहे. हरकत नामंजूर.)

मैदानात बारा जण होते. (नव्हते. बोअर्सचा परदेशी खेळाडू काठ्या पाहून बसमध्ये जाऊन बसला होता. मोजले, अकरा भरले. नामंजूर.)

बूट घातले नव्हते. (नियम खेळाडूच्या पायांबद्दल आहे. पोशाख पुरवताना लीगने त्या भागाला लेखी 'खूर' म्हटलेलं आहे. नामंजूर.)

गोल मान्य झाला.

विनोद मैदानाबाहेर मोहाच्या झाडाखाली बसला होता. डुकराचं डोकं शेजारी ठेवलेलं. अंगातून वाफा निघत होत्या, पाठीवर वळ उठले होते. रंभाबाई वाकून वाकून त्याच्या पाठीला तेल लावत होत्या आणि तोंडाने लीगचा उद्धार करत होत्या. गुणवंतराव सर पाण्याचा तांब्या घेऊन आले.

"डाव्यानं मारला नं?" सरांनी विचारलं.

"हो सर. दिसला तुम्हाले?"

"कुठचा दिसते बाप्पा! माही खुर्ची खांबामागं हाय."

"मंग डावा कसा समजला?"

"आवाज," सर म्हणाले.

विनोद हसायला लागला. हसता हसता त्याने तोंड तांब्याआड नेलं आणि बराच वेळ पाणी पीत राहिला. तांब्या कधीच रिकामा झाला होता.

दुसऱ्या दिवशी नीलिमा मॅडम टोल्यावर करार घेऊन गेल्या. तीन हंगाम, तेच काम, त्याच पोशाखात.

"डोकं काढून खेळू देता का?" विनोदने विचारलं.

"अरे, आपला ब्रँड डोक्यातच आहे," मॅडम कळवळून म्हणाल्या.

बुधरीने पोशाख नदीवर धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवला होता. विनोदने तो मॅडमच्या गाडीत नेऊन ठेवला. जानेवारीत सरांनी रंभाबाईंच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, स्पर्धा भरवली. धान डुकरांनी आधीच साफ केल्यामुळे जमीन सपाट होती. सोळा संघ आले. विनोदच्या टोल्याने बोकड नेला. चित्रीकरण कुणी केलं नाही.

डुकराच्या गोलचा व्हिडिओ मात्र आजपर्यंत चाळीस लाख लोकांनी पाहिला आहे. त्यावरून लीगमुळे भारतीय फुटबॉलचं भलं होतं की वाईट, हे ठरवायला एक समिती नेमली गेली. समितीने लोकांना एक्केचाळीस प्रश्न विचारले. डुक्कर आवडलं का? आजीबाई आवडल्या का? पुढच्या वर्षी अस्वल चालेल का? लोकांनी भरभरून उत्तरं दिली. फुटबॉलबद्दल त्यात प्रश्न नव्हता, आणि तो राहून गेला अशी तक्रार एकाही माणसाने केली नाही.

समितीवर हसायचं मला काही कारण दिसत नाही. मी ही हकिगत आतापर्यंत पुष्कळांना सांगितली. प्रत्येकाने पोटभर हसून भारतीय फुटबॉलच्या भवितव्याबद्दल मनापासून काळजी व्यक्त केली. तुम्हीही आता करत असाल. फक्त, सामना शेवटी कोणी जिंकला, हे अजून तुम्हीही विचारलेलं नाही.