परबकाकांची चुकीची उत्तरं

आमच्या मजल्यावरचे परबकाका रोज सकाळी पेपरातलं शब्दकोडं पेनाने सोडवतात, आणि साफ चुकीचं सोडवतात. तेही दार सताड उघडं टाकून, मासळीबाजारात भाव पुकारावा तशा आवाजात. भांडुपच्या आमच्या इमारतीत हल्ली कुणी मोबाइलला अलार्म लावत नाही.

मला याचा धक्काच बसला होता. कारण हेच काका पूर्वी कोड्यांचे राजे. मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. काही अडलं की आई मला त्यांच्याकडे पिटाळायची. कोड्यातलं वाक्य कसं फसवतं, ते त्यांनीच मला शिकवलं. “अर्थाच्या नादाक लागू नको गो, अक्षरां बघ,” हे त्यांचं पालुपद. ते चुकले तर फक्त काकू पकडायच्या, भाकरी थापता थापता, मागे वळूनही न बघता.

दिवाळीनंतर काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू हलू लागले, पण तोंडातून शब्द येईना. त्यांना बोलतं करा, एवढंच डॉक्टर सांगत. आणि तेव्हापासून काकांची कोडीही बिघडली. म्हातारा खचला, डोकं गेलं त्याचं, असं मजल्यावर सगळे म्हणत. मलाही तसंच वाटे.

परवा काकूंसाठी मऊ भात घेऊन गेले, तर काका खाटेशेजारी बसून ओरडत होते, “उलटा केला की नकार देणारा अवयव. दोन अक्षरां.” मग पेन उचलून म्हणाले, “नाक.”

मला राहवेना. नाक उलटं केलं तर ‘कना’ होतं. ‘नका’ व्हायला कान हवा. मी चाचरत म्हटलं, “काका, ते नाक नाही, ते...”

त्यांनी असं काही पाहिलं की माझ्या हातातला डबाच कलंडला. मला दंडाला धरून पॅसेजमध्ये नेलं आणि कितीतरी दिवसांनी हळू आवाजात म्हणाले, “माका उत्तर ठाऊक आसा. पण तिका माझी चूक कधी सोसली काय? तू सांगलंस, तर ती कित्याक बोलात?”

इतके महिने हा माणूस सगळ्या मजल्यासमोर खुळा ठरत होता, आणि मी त्याची कीव करत होते.

आत जाऊन काका मुद्दाम सावकाश ‘नाक’ लिहू लागले. काकूंच्या कपाळाला आठी पडली. बोटं चादर चिवडू लागली. ओठ वाकडे झाले.

“का...” मग दम घेऊन, “कान.”

काका हलले नाहीत. पेन होतं तिथेच राहिलं.

“आयकाक नाय इला गो. परत सांग.”

“कान,” काकू चिडून म्हणाल्या.

काकांनी ‘नाक’ खोडून ‘कान’ लिहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. मग घसा साफ करून पुढचं वाक्य वाचलं आणि त्याचंही उत्तर चुकीचं सांगितलं. फक्त त्यांचा आवाज या वेळी दारापर्यंतही पोचला नाही.