आई चीफ झाली आणि पोळ्या राहिल्या

आमच्या ऑफिसात एका टीमच्या पाच टीम झाल्या, तरी मी काम अडू दिलं नाही! मग साठ पाहुण्यांचा स्वयंपाक म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!

बाबांची पंचाहत्तरी होती. मधुमेहामुळे त्यांना वर्षातून एकच दिवस पुरणपोळीची मुभा, आणि ती साडेबाराच्या ठोक्याला हवी. सरकारी नोकरीत जन्मभर त्याच वेळी डबा उघडलेला!

"मी लाटते की रे. दरवर्षी लाटतेच," आई म्हणाली.

"आई, घरच्या चौघांपुरतं ते ठीक. आता स्केल वाढलं!"

तीन घरांच्या तीन टीम केल्या. पुरण मिसरोदला, बहीण तन्वीकडे. कणीक शाहपुऱ्याला, भाऊ हर्षलकडे. तूप इथे तुलसी नगरला, माझ्या बायकोकडे, रसिकाकडे. आई रोज सकाळी "काय राहिलंय रे?" विचारायची, तो झाला स्टँड-अप, म्हणजे ऑफिसातली रोज सकाळची छोटी मीटिंग. तिन्ही घरांचा मिळून फोनवर व्हायचा तो स्क्रम ऑफ स्क्रम्स, सगळ्या टीमची एकत्र बैठक! आणि आई झाली चीफ प्रॉडक्ट ओनर. चीफनं फक्त काय हवं ते सांगायचं, लाटण्याला हात लावायचा नाही, असं मी तिला बजावलंच. पंचाहत्तरीच्या दिवशी बिचारी ठेवणीतली साडी नेसून सोफ्यावर जाऊन बसली.

अकराला व्हिडिओ कॉल.

"पुरण डन!" तन्वी म्हणाली.

"कणीक डन! एकदम मुलायम, दादा, टेन्शन मत लो!" इति हर्षल.

"तूप डन," रसिका म्हणाली.

फ्रिजवर चिकटवलेल्या कामांच्या तिन्ही चिठ्ठ्या मी 'झालं'च्या रकान्यात सरकवल्या. अभिमानानं ऊर भरून आला!

साडेबाराला बाबा नवा सदरा घालून पानावर बसले.

"पोळ्या?"

तन्वीनं पुरणाचं पातेलं पुढे केलं. हर्षलनं कणकेची परात. रसिकानं तूप.

"अरे, लाटायचं कोणत्या टीमकडे होतं?" मी किंचाळलो.

कोणत्याच नाही! सगळे आईकडे बघू लागले.

"मी चीफ आहे," आई शांतपणे म्हणाली. "काय हवं ते सांगू? पोळ्या हव्यात."

पाहुणे खो खो हसले. बाबा तेवढे हसले नाहीत. "आमच्या खात्यात नवं पद निघालं की फाइल अशीच थांबायची," एवढंच म्हणून ते रिकाम्या ताटाकडे बघत राहिले. वर्षभर वाट पाहिलेला माणूस! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईनं पदर खोचला. "चला, सगळे ओट्यापाशी. एकच टीम!"

सव्वाला पहिली पोळी बाबांच्या ताटात पडली. त्यांनी तीन खाल्ल्या, आणि आईनं चक्क दुसरीकडे पाहिलं!

मला नवं पद मिळालं, पोळ्यांवर तूप सोडणारा. तेही दहा मिनिटांत रसिकानं काढून घेतलं. बाबांच्या पोळीवर माझा हात फार सैल सुटत होता म्हणे!